उन्माद-अपस्मारावरील जुने ग्रंथ : संग्रह कोणी करावा, कशासाठी करावा?

वैद्याच्या घरातील ग्रंथांचे कपाट ही एका पिढीची मिळकत नसते. आजोबांनी नक्कल करून घेतलेली पोथी, वडिलांनी मुंबईहून मागविलेली निर्णयसागर छापखान्याची प्रत आणि मुलाने विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेली टीका अशी तीन पिढ्यांची भर त्यात पडलेली असते. घरात वैद्यकी चालू असेतो या कपाटास धक्का लागत नाही. मुलगा अन्य व्यवसायात जातो किंवा वाड्याची वाटणी होते, त्या दिवशी मात्र खलबत्ता मोडीच्या भावाने, बरण्या शोभेच्या वस्तू म्हणून आणि ग्रंथ रद्दीच्या भावाने बाहेर पडतात. महाराष्ट्रातील वैद्यबंधूंना हे दृश्य अपरिचित नाही.

याच काळात दुसरीही एक गोष्ट घडत आहे. जुन्या वैद्यकीय ग्रंथांना दुर्मीळ वस्तू म्हणून गिऱ्हाईक मिळू लागले आहे. त्यातही मन, बुद्धी, स्मृती व मेंदू यांच्या विकारांवरील ग्रंथांविषयी कुतूहल अधिक. त्यामागे जिज्ञासा आहे, तशीच हौस आहे आणि काही ठिकाणी जाहिरातीचा लोभही आहे. एखाद्या जीर्ण पोथीचे छायाचित्र आपल्या औषधाच्या पत्रकावर छापले की औषधाला प्राचीनत्वाचा मुलामा चढतो, असा समज आपल्याच व्यवसायात रूढ होत आहे. एकीकडे रद्दी आणि दुसरीकडे शोभा, या दोहोंच्या मध्ये ग्रंथाचे खरे प्रयोजन हरवते. संग्रह अवश्य व्हावा, परंतु तो शास्त्रासाठी, शिस्तीने व सामुदायिक रीतीने व्हावा, असे आमचे मत आहे. त्याची कारणे येथे मांडतो.

विषय कोठे शोधावा?

संग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की 'मेंदूचे विकार' असे प्रकरण आपल्या संहितांत एके ठिकाणी सापडत नाही. चरकाने उन्माद व अपस्मार यांचा विचार निदानस्थानाच्या सातव्या व आठव्या अध्यायांत आणि पुढे चिकित्सास्थानात केला, परंतु पक्षाघात, अर्दित, आक्षेपक हे वातव्याधीत घातले. शिरोरोगांचा विचार आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अमानुषोपसर्ग, अपस्मार व उन्माद हे साठ ते बासष्ट असे लागोपाठचे अध्याय आहेत. वाग्भटाने भूतविद्येच्या क्रमात उत्तरस्थानाच्या सहाव्या अध्यायात उन्माद आणि सातव्यात अपस्मार सांगितला. माधवनिदानात उन्माद, अपस्मार व वातव्याधी ही विसावे, एकविसावे व बाविसावे अशी सलग प्रकरणे आहेत. तात्पर्य, या विषयाचा संग्रह करावयाचा तर केवळ मुखपृष्ठावरील नाव पाहून चालत नाही. ज्या सुट्या बाडाला घरची माणसे 'भुताखेतांची पोथी' समजून बाजूस टाकतात, त्यातच उन्मादप्रतिषेध असण्याचा संभव असतो.

एका प्रतीवर उभा असलेला सिद्धांत

आज अनेक व्याख्यानांतून सांगितले जाते की मनाचे स्थान मस्तकात आहे हे आमच्या आचार्यांना ठाऊक होते. यास आधार दिला जातो तो भेलसंहितेचा. भेलाने उन्मादचिकित्सेच्या अध्यायात मनाचे स्थान शिर व तालू यांच्यामध्ये आणि चित्ताचे स्थान हृदयात सांगितले आहे, हे खरे. चरक-सुश्रुतांच्या हृदयप्रधान विचाराहून हे मत निराळे आहे आणि म्हणूनच मोलाचे आहे. परंतु हा आधार किती नाजूक धाग्यावर टिकला, हे सांगणारे थोडे.

भेलसंहितेची ज्ञात पोथी मुख्यत्वे एकच. ती तंजावरच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रहात, तेलुगू लिपीत लिहिलेली, सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराची. आर्थर बर्नेल यांनी तंजावरच्या संस्कृत पोथ्यांची सूची १८८० साली प्रसिद्ध केली, तेव्हा विद्वानांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली ग्रंथ छापला. पोथी खंडित, अक्षरे जागोजाग गळालेली. मध्य आशियातील तुर्फान भागात मिळालेले भेलाच्या ग्रंथाचे एक पान हाइनरिश ल्यूडर्स यांनी १९२७ साली उजेडात आणले, एवढीच काय ती तिला बाहेरची साथ. तंजावरची ही एक पोथी वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडली असती, तर मनाच्या स्थानाविषयीचा भेलाचा विचार आपल्याला कळलाच नसता. शिवाय ज्या पाठाचा ताडा घेण्यास दुसरी संपूर्ण प्रत नाही, त्यावर मोठे दावे उभारताना वाणीवर संयम हवा. दुसरी प्रत शोधणे हेच अशा वेळी खरे शास्त्रकार्य होय.

तंजावरचा उल्लेख झाला म्हणून सांगतो. त्या सरस्वती महालाचा विस्तार करणारे दुसरे सरफोजी महाराज (राज्यकाल १७९८ ते १८३२) हे मराठी वैद्यांनी आदर्श मानावेत असे संग्राहक होते. त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी पोथ्यांबरोबरच युरोपीय भाषांतील हजारो ग्रंथ मागविले, त्यांत वैद्यकाचेही होते. संग्रह करून ते थांबले नाहीत. धन्वंतरी महालात औषधे तयार होत, प्रयोगांची नोंद होई, नेत्ररोग्यांची सचित्र टिपणे ठेवली जात आणि अनुभवास उतरलेले योग तमिळ पद्यग्रंथांच्या रूपाने लिहून ठेविले जात. ग्रंथालय, औषधशाळा व रुग्ण यांचा असा मेळ घालणारा संग्रह कपाटात कुलूपबंद राहत नाही.

परदेशातील दोन उदाहरणे

पाश्चात्त्य वैद्यकात मेंदूवरील जुन्या ग्रंथांना मान आहे. टॉमस विलिस यांचा मेंदूच्या रचनेवरील लॅटिन ग्रंथ १६६४ सालचा, त्यातील आकृत्या काढण्यास ख्रिस्तोफर रेन यांच्यासारख्या स्थापत्यविशारदाचा हात लागला. जेम्स पार्किन्सन यांचा कंपवातावरील निबंध १८१७ सालचा, अवघा ६६ पानांचा. त्यात सहा रुग्णांची हकीकत आहे आणि त्यांतील काही तर लेखकाने लंडनच्या रस्त्यावर येता-जाता पाहिलेले. चिकित्सेच्या दृष्टीने त्या निबंधाचे आज काही उरले नाही. उरले आहे ते निरीक्षण, आणि ते इतके नेमके की व्याधीला लेखकाचेच नाव मिळाले.

अशा ग्रंथांचा संग्रह करणाऱ्यांत दोन नावे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावीत. पहिले हार्वे कुशिंग. आधुनिक मेंदूशल्यकर्माचे हे अध्वर्यू जन्मभर जुने वैद्यकीय ग्रंथ जमवीत राहिले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी जॉन फुल्टन व आर्नोल्ड क्लेब्स या मित्रांना सोबत घेतले आणि तिघांचे संग्रह एकत्र करून येल विद्यापीठास द्यावेत असे ठरविले. कुशिंग १९३९ साली वारले. ग्रंथालय १९४१ साली उघडले. तीन खासगी कपाटे एक झाल्यामुळे जे उभे राहिले ते एकट्याच्याने झाले नसते. त्यांचे गुरुस्थानी असलेले विल्यम ऑस्लर यांनीही आपला संग्रह योजनापूर्वक आठ विभागांत लावला होता. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९२९ साली, त्याची सूची छापली गेली आणि ग्रंथ कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात पोहोचले. सूचीवाचून संग्रह म्हणजे अनुपानावाचून औषध, हे त्यांनी जाणले होते.

दुसरे नाव हेन्री वेलकम. हे वैद्य नव्हेत, औषधांचे कारखानदार. त्यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पैरा मल्ल नावाच्या पंजाबी डॉक्टरांना हिंदुस्थानात धाडले आणि हजारो संस्कृत व अन्य भाषांतील पोथ्या विकत घेऊन लंडनला नेल्या. आज त्या तेथे सुव्यवस्थित आहेत, त्यांच्या सूच्या छापल्या आहेत, अभ्यासकांस त्या पाहता येतात. पोथ्या देशाबाहेर गेल्या याची खंत आपण करतो, आणि ती योग्यच आहे. पण ज्या वेळी लंडनचा एक औषधनिर्माता आमच्या पोथ्या वेचीत होता, त्या वेळी येथील किती औषधशाळांनी त्यासाठी पदरचा रुपया खर्च केला? आमच्या फार्मसीचालक मित्रांनी हा प्रश्न मनास लावून घ्यावा, एवढीच विनंती.

औषधनिर्मात्यांचा यात काय संबंध?

'आम्ही औषध बनवितो, ग्रंथ सांभाळणे हे पंडितांचे काम,' असे काही फार्मसीचालक म्हणतात. वस्तुस्थिती तशी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत जे ग्रंथ नोंदले आहेत, त्यांतील योगांनुसार बनविलेले ते शास्त्रोक्त आयुर्वेदीय औषध, अशी कायद्याची व्याख्या आहे. त्या यादीत चरक, सुश्रुत, अष्टांगहृदय आहेत, योगरत्नाकर आहे, भेलसंहिता व काश्यपसंहिता आहेत, तसेच आपल्या शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' हा ग्रंथही आहे. लेबलावर ग्रंथ व अधिकरण यांचा निर्देश करावा लागतो. म्हणजे आपला परवाना ज्या पायावर उभा आहे, तो पाया ग्रंथांचा आहे.

आता ब्राह्मी घृताचेच उदाहरण घेऊ. चरकाने अपस्मारात जे ब्राह्मी घृत सांगितले त्यात ब्राह्मीस्वरस, वेखंड, कोष्ठ, शंखपुष्पी आणि जुने तूप. वाग्भटाने उन्मादात सांगितलेल्या घृतात ब्राह्मीस्वरस व शंखपुष्पी आहेतच, परंतु त्यांच्याबरोबर त्रिकटु, श्यामा, त्रिवृत्, दंती, आरग्वध, सप्तला व विडंग आहेत. पहिले घृत मेध्य व शामक वळणाचे, तर दुसऱ्यात विरेचक द्रव्यांचा भरणा. बाजारात नाव मात्र एकच. ज्या वैद्याला दुसरे अपेक्षित आहे त्याच्या हाती पहिले पडले, अथवा याच्या उलट झाले, तर दोष द्रव्याचा की ग्रंथ न पाहणाऱ्याचा?

याच्याही पुढे प्रश्न आहे तो ब्राह्मी कोणती हा. अधिकृत औषधिकोशानुसार ब्राह्मी म्हणजे जलाशयाकाठी वाढणारी लहान पानांची नीरब्राह्मी, आणि मंडूकपर्णी ही वेगळी वनस्पती, जिला आपल्याकडे कारिवणा म्हणतात. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी कारिवण्यालाच ब्राह्मी म्हणण्याचा प्रघात होता व आहे. एखाद्या जुन्या वैद्याने आपल्या प्रतीच्या समासात कोणती ब्राह्मी घेतली, तूप किती वर्षांचे होते, पाक किती दिवसांत साधला आणि कोणत्या रुग्णास लागू पडले हे लिहून ठेविले असेल, तर ती चार ओळींची नोंद छापील ग्रंथाच्या चाळीस पानांहून उपयुक्त ठरते. आम्ही संग्रहाचा आग्रह धरतो तो मुख्यतः अशा समासांसाठी. नवी छापील प्रत दुकानात मिळेल, समासातील अनुभव कोठे मिळणार?

छापील ग्रंथही दुर्मीळ होत आहेत

पोथ्यांविषयी थोडी तरी जाणीव आहे. जुन्या छापील ग्रंथांविषयी ती नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुण्याच्या छापखान्यांनी आयुर्वेदावर केलेले उपकार मोठे आहेत. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय, पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेले योगरत्नाकर व रसरत्नसमुच्चय, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी निर्णयसागरकडून सिद्ध केलेल्या चरक-सुश्रुतांच्या सटीप आवृत्त्या, नेपाळात मिळालेल्या पोथीवरून १९३८ साली प्रसिद्ध झालेली काश्यपसंहिता, हे सारे त्या परंपरेचे फलित. पुढील अनेक आवृत्त्या याच ग्रंथांची पुनर्मुद्रणे आहेत आणि काहींत पाठभेदांच्या तळटिपा गाळल्या गेल्या आहेत.

तळटीप गाळल्याने काय बिघडते? चरकाच्या चिकित्सास्थानात अध्यायांचा क्रम सर्व प्रतींत सारखा नाही. आपल्या परिचयाच्या मुंबईच्या आवृत्तीत उन्माद नववा व अपस्मार दहावा आहे. अन्य क्रमानुसार अर्श, अतिसार, विसर्प, मदात्यय व द्विव्रणीय हे अध्याय त्यांच्या आधी येतात. हा केवळ आकड्यांचा फरक नाही. चिकित्सास्थानातील सतरा अध्याय दृढबलाने पूर्ण केले असे संहितेतच सांगितले आहे, परंतु ते सतरा कोणते हे या क्रमावर अवलंबून आहे. उन्माद-अपस्माराची जी चिकित्सा आपण चरकाची म्हणून सांगतो ती चरकप्रतिसंस्कृत आहे की दृढबलाची, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही, कारण त्याच्या हातातील पुनर्मुद्रणात त्याचा मागमूस नसतो.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट चुटपुट लावणारी आहे. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री यांची अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' टीका आज संपूर्ण ग्रंथावर उपलब्ध नाही. हरिशास्त्री पराडकर यांनी १९३९ साली जी सटीक आवृत्ती निर्णयसागरकडून काढली, तीतही उन्माद-अपस्माराच्या अध्यायांसाठी अरुणदत्ताचाच आधार घ्यावा लागतो. हेमाद्रीच्या टीकेचा उरलेला भाग एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, लाल बस्त्यात बांधलेला नसेलच, असे कोणी म्हणावे?

नियतकालिकांचीही तीच कथा. सर्पगंधेचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्मादावर व वाढलेल्या रक्तदाबावर सर्पगंधेच्या उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केला, तो एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात आल्यानंतर जगाचे लक्ष गेले, १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसर्पिन वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ च्या सुमारास मनोविकारांच्या आधुनिक औषधोपचारात त्याने स्थान मिळविले. पुढे त्याचे दोषही कळले, खिन्नता वाढण्याची भीती ध्यानात आली व वापर मागे पडला. या साऱ्या इतिहासाचा आरंभ एका मासिकाच्या काही पानांत आहे. आपल्या संघटनांची, महाविद्यालयांची व गावोगावच्या वैद्यांनी चालविलेली जुनी मासिके आज सलग संचाने किती ठिकाणी मिळतील? नाशिकला १९०७ साली वैद्यांना एकत्र आणणाऱ्या पदेशास्त्र्यांच्या काळातील नियतकालिके तरी आपण राखली पाहिजेत.

संग्रह म्हणजे परवाना नव्हे

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. जुना ग्रंथ हाती आला म्हणून त्यातील प्रत्येक योग आज रुग्णावर वापरण्यास योग्य ठरत नाही. अपस्मारावरील स्मृतिसागर रसात पारदासोबत हरताळ व मनशीळ आहेत. शोधन-मारणाची परंपरा, द्रव्याची परीक्षा आणि रुग्णाचे बल यांचा विचार न करता केवळ 'ग्रंथोक्त' या शब्दावर विसंबणे घातक होय. तसेच अपस्माराचा जो रुग्ण आधुनिक औषधे घेत आहे, त्यास ती एकाएकी बंद करावयास लावून पोथीतला योग देणे हे शास्त्रही नव्हे आणि माणुसकीही नव्हे. औषध अचानक तोडल्याने वेगांची मालिका सुरू होऊन जिवावर बेतते.

जाहिरातीविषयी कायदा स्पष्ट आहे. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मेंदूचे विकार, अपस्मार, वेड व पक्षाघात यांची नावे आहेत. या व्याधी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात निषिद्ध आहे, मग पत्रकावर पोथीचे चित्र छापलेले असो वा नसो. दुर्मीळ ग्रंथाचा असा उपयोग करणारा ग्रंथाची अप्रतिष्ठा करतो आणि व्यवसायाचीही.

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आता सर्व ग्रंथ संगणकावर मिळतात, मग कागद जपण्याची यातायात कशाला? संगणकीय प्रतिमेचे मोल आम्ही मान्य करतो, किंबहुना प्रत्येक पोथीची अशी प्रतिमा व्हावी असाच आमचा आग्रह आहे. परंतु जे कोणी प्रतिमाबद्ध केले तेच तेथे मिळते. माळ्यावरील बस्ता कोणी सोडलाच नाही, तर तो पडद्यावर येणार कोठून? शिवाय कागदाचा पोत, शाईचे थर, नंतरच्या हाताने केलेली दुरुस्ती यांची परीक्षा मूळ प्रतीवरच होते.

दुसरा आक्षेप असा की हे काम सरकारचे व मोठ्या संस्थांचे आहे. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ साली सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञानभारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षणाचा संकल्प जाहीर झाला, ही आनंदाची गोष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने वैद्यकाच्या पोथ्यांची वर्णनात्मक सूची १९३९ सालीच छापली होती. पण सर्वेक्षण करणारा कार्यकर्ता आपल्या गावी आला, तर त्याला कोणत्या घराकडे न्यावयाचे हे वैद्यालाच ठाऊक असते. आणि मोठी संस्थाही सर्वथा निर्भय नसते. जानेवारी २००४ मध्ये याच संस्थेत जमावाने केलेली नासधूस आपण विसरलेलो नाही. एकाच छताखाली सारे ठेवण्यापेक्षा प्रतिमा चार ठिकाणी असाव्यात, हा त्या घटनेचा धडा आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्यावर आमचे उत्तर असे की पहिली पायरी खरेदीची नसून नोंदीची आहे आणि नोंदीला वही-लेखणीपलीकडे फारसे काही लागत नाही.

काय करता येईल?

प्रत्येक जिल्हा शाखेने आपल्या क्षेत्रातील जुन्या वैद्यघराण्यांची यादी करावी व ग्रंथ त्यांच्याच घरी ठेवून त्यांची नोंद घ्यावी. नोंदीत ग्रंथाचे नाव, लिपी, पानांची संख्या, अखेरच्या पुष्पिकेतील शक व लेखकाचे नाव, कोणते अध्याय आहेत व कोणते नाहीत, समासात टिपणे आहेत काय, एवढे असले तरी पुरे. मोडी जाणणारी मंडळी दिवसेंदिवस कमी होत आहेत. घरगुती योगांच्या वह्या बहुधा मोडीतच असतात, म्हणून या कामी विलंब नको.

बस्ता उघडला की पाने क्रमाने लावण्याच्या उत्साहात मूळ क्रम मोडू नये. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे आवरण घालून ते दाबू नये, उन्हात तर मुळीच ठेवू नये. स्वच्छ सुती कापड, कोरडी हवेशीर जागा आणि वेखंडाची पुरचुंडी ही आपल्या वाडवडिलांची रीत आजही उपयोगी आहे. अपस्माराच्या घृतात पडणारे वेखंड पोथीसही राखते, याचे आयुर्वेदाच्या अभ्यासकास अप्रूप वाटू नये.

विक्रीचा प्रसंग आलाच तर संच फोडू नये. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, शास्त्रीय वा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही आणि ती खासगी रीतीने देशाबाहेर पाठविता येत नाहीत, हे विकणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे.

रुग्णांच्या जुन्या वह्यांबाबत विशेष काळजी हवी. उन्मादाच्या रुग्णाचे नाव, गाव व घराणे त्यात लिहिलेले असते आणि त्याचे वंशज आजही त्याच गावी नांदत असतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ याने मनोरुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कायद्याचे कलम बाजूस ठेवले तरी वैद्याच्या धर्मास हे नवीन नाही. वही जपावी, अनुभव प्रसिद्ध करावा, नाव मात्र झाकावे.

फार्मसीचालकांकडे आमचे मागणे नेमके आहे. आपल्या औषधशाळेत बनणाऱ्या उन्माद-अपस्मारावरील प्रत्येक शास्त्रोक्त योगासाठी मूळ ग्रंथाची पाठभेदांसह असलेली एक विश्वसनीय आवृत्ती शाळेत असावी आणि औषध बनविणाऱ्या वैद्याने ती पाहिलेली असावी. ज्यांना सामर्थ्य आहे त्यांनी वर्षाकाठी एका तरी जुन्या ग्रंथाच्या प्रतिमांकनाचा वा पुनर्मुद्रणाचा भार उचलावा. त्या पुस्तकात आपल्या औषधाची जाहिरात न घालण्याचे औदार्य त्यांनी दाखविले, तर त्यांचे नाव अधिक काळ टिकेल.

आणि ज्येष्ठ वैद्यांना नम्रपणे सुचवितो की घरादाराची व्यवस्था लावताना ग्रंथांचीही लावावी. कोणता ग्रंथ कोणास द्यावयाचा हे कागदावर लिहून ठेवावे, घरच्यांना त्याची कल्पना द्यावी. आपल्यामागे कपाट उघडणारी व्यक्ती सुशील असेल, प्रेमळ असेल, परंतु वैद्य असेलच असे नाही. तिला कोणीतरी आधी सांगितलेले असले पाहिजे.

स्मृती नष्ट होणे हे अपस्माराचे लक्षण आपल्याला शिकविले गेले. शास्त्रासही स्मृती असते आणि ती ग्रंथांत व त्यांच्या समासांत साठलेली असते. येत्या वर्षात प्रत्येक सभासदाने आपल्या गावच्या एका तरी कपाटाची यादी करून शाखेकडे धाडली, तरी आरंभ चांगला झाला असे आम्ही म्हणू.